फॅक्स मशीन आतून कसं चालतं? स्कॅनर आणि छपाईच्या यंत्रणेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यांच्या ऑफिसात किंवा दवाखान्यात अजूनही एखादं फॅक्स मशीन तग धरून आहे असे लोक, जुनं मशीन खोलून बघणारे डिप्लोमाचे विद्यार्थी आणि निव्वळ कुतूहल असणारे, अशा तिघांकडून हे प्रश्न येतात. उत्तरं मुख्यतः ग्रुप ३ प्रकारच्या, टेबलावर मावणाऱ्या, थर्मल रोलच्या मशीनला धरून दिली आहेत. एसटीडी-पीसीओच्या बूथमध्ये काचेमागे दिसायचं तेच हे मशीन. मोडेम आणि टेलिफोन लाइन यांचा विषय यांत्रिक भागाशी संबंध येतो तिथेच काढला आहे.

मशीन उघडलं तर आत काय दिसतं?

कागदाचे दोन रस्ते दिसतात. पाठवायचा कागद वरच्या ट्रेमधून आत शिरतो, रोलरांच्या जोडीतून काचेच्या एका अरुंद पट्टीवरून जातो आणि पुढून बाहेर पडतो. छपाईचा कागद मागच्या रोलवरून निघतो, थर्मल हेड (उष्णतेने छापणारी पट्टी) आणि रबरी रोलर यांच्या फटीतून जातो आणि कटरखालून बाहेर येतो. बाकी एक किंवा दोन मोटरी, प्लॅस्टिकचे गिअर, कागद आला-गेला हे कळवणारे छोटे सेन्सर, आणि सर्किट बोर्ड.

एक गोष्ट पहिल्यांदाच लक्षात घ्यावी. इथे बघणारा सेन्सर आणि छापणारं हेड दोन्ही जागेवर खिळलेले असतात. हलतो तो कागद. फ्लॅटबेड स्कॅनरमध्ये कागद काचेवर पडून राहतो आणि दिवा खालून सरकतो, त्याच्या हे बरोबर उलट आहे. त्यामुळे मशीन लहान आणि स्वस्त होतं, पण रोलरने कागद जेवढा वाकडा, कमी किंवा जास्त ओढला तेवढी चूक सरळ चित्रात उतरते. माझ्या मते फॅक्सच्या निम्म्या तक्रारी इलेक्ट्रॉनिक्सच्या नावावर खपतात आणि असतात मात्र रबराच्या.

ग्रुप ३ म्हणजे काय? त्याने यंत्राचं काय ठरवलं?

वेगवेगळ्या कंपन्यांच्या मशीनना एकमेकांशी बोलता यावं म्हणून आंतरराष्ट्रीय मानकं ठरली. १९६८ च्या ग्रुप १ मध्ये एका पानाला सहा मिनिटं लागायची, १९७६ च्या ग्रुप २ मध्ये तीन. १९८० च्या ग्रुप ३ ने चित्र आकड्यांत पाठवायला सुरुवात केली आणि एक साधं पान मिनिटभरात जाऊ लागलं.

यंत्र बांधणाऱ्याच्या दृष्टीने त्यातले दोन आकडे महत्त्वाचे. आडव्या दिशेने २१५ मिमी रुंदीत १७२८ ठिपके, म्हणजे मिलिमीटरला सुमारे ८. उभ्या दिशेने साध्या मोडमध्ये मिलिमीटरला ३.८५ ओळी, फाइन मोडमध्ये ७.७. आडवा आकडा सेन्सर आणि हेड बनवतानाच पक्का होतो, वापरणाऱ्याच्या हातात तो नसतो. उभा आकडा मात्र मोटर कागद किती सरकवते यावर ठरतो. साध्या मोडमध्ये एका ओळीला कागद ०.२६ मिमी पुढे जातो, फाइनमध्ये त्याच्या निम्मा. म्हणूनच 'फाइन'चं बटण दाबलं की स्कॅनर तोच राहतो, फक्त कागदाची चाल बदलते.

मराठी मजकूर पाठवताना फाइन मोड वापरा असं का सांगतात?

कारण देवनागरीची नाजूक चिन्हं वर आणि खाली बसतात, आणि साधा मोड नेमका उभ्या दिशेलाच कंजूष आहे. अनुस्वाराचा ठिपका नेहमीच्या टायपात अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो. ०.२६ मिमीच्या ओळींत त्याच्या वाट्याला जेमतेम दोन ओळी येतात. टाइप बारीक असला तर एकच, आणि तीसुद्धा अर्धवट झाकलेली. अर्धवट करडा दिसलेला ठिपका मशीन काळा धरेल की पांढरा, हा नशिबाचा भाग. रफार, उकार, 'ऋ'कार, जोडाक्षरांच्या खालच्या गाठी, सगळ्यांची तीच गत. इंग्रजी मजकूर या मोडमध्ये बराच निभावून जातो. सातबाऱ्याचा उतारा किंवा हाताने लिहिलेला अर्ज निभावत नाही.

दुसरी अडचण शिरोरेषेची. कागद एक अंश जरी तिरका आत गेला तरी १५ सेंटिमीटरच्या ओळीत दोन टोकांत सुमारे २.६ मिमीचा फरक पडतो, म्हणजे साध्या मोडमधल्या दहा ओळी. एकसंध शिरोरेषेच्या दहा पायऱ्या होतात आणि अक्षरं जिन्यावर बसल्यासारखी दिसतात. तेव्हा फाइन दाबाच, पण त्याआधी ट्रेच्या दोन्ही बाजूंच्या सरकत्या पट्ट्या कागदाला टेकवा. बहुतेक जण या पट्ट्यांना हातही लावत नाहीत.

जुन्या मशीनमध्ये फिरणारा ढोल का असायचा?

एका वेळी एकच ठिपका बघता यायचा म्हणून. अलेक्झांडर बेन यांनी १८४३ मध्ये पेटंट घेतलं ती यंत्रणा लंबकांवर चालायची. नंतर फ्रेडरिक बेकवेल यांनी फिरत्या नळकांड्यावर चित्र गुंडाळायची पद्धत आणली. जिओव्हानी कॅसेली यांच्या पँटेलिग्राफ या तारेवरून चित्र पाठवणाऱ्या यंत्राची पॅरिस ते लिआँ सेवा १८६५ मध्ये सुरू झाली, तीही लंबकाचीच. पुढे प्रकाशाने बघणारा फोटोसेल आला तरी तोही एकटाच होता. मग ढोल फिरवायचा आणि फोटोसेल आट्यांच्या लांब दांड्यावरून हळूहळू बाजूला सरकवायचा, म्हणजे पूर्ण पानावर एक लांबलचक मळसूत्री रेघ फिरून येते.

यात खरं डोकेफोड काम दोन टोकांचे ढोल बरोबरीने फिरवण्याचं होतं. वेग जरा कमी-जास्त झाला की चित्र तिरपं पसरतं. ढोलाचे व्यास वेगळे असले तर चित्राची लांबी-रुंदी बिघडते. म्हणून व्यास (मिमी) गुणिले मिलिमीटरमधल्या ओळी असा एक गुणाकार दोन्हीकडे सारखा ठेवायचा. हवामानाच्या नकाशांसाठी तो ५७६ ठरला आहे, उदाहरणार्थ १५२ मिमीचा ढोल आणि ३.७९ ओळी. जहाजांसाठी रेडिओवरून नकाशे पाठवतात तिथे आज ढोल राहिलेला नाही, पण ५७६ हा आकडा आणि मिनिटाला १२० फेऱ्यांचा हिशेब तसाच चालू आहे.

घेणाऱ्या बाजूला एक फार देखणी युक्ती होती: ढोलावर तारेचा एकच मळसूत्री वेढा आणि समोर सरळ पातं, मधे ओलसर रासायनिक कागद. ढोल फिरला की तार आणि पातं यांचा स्पर्शबिंदू एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत धावतो. सरकणारा भाग एकही नाही, तरी ठिपका सरकतो.

स्कॅनरचे दोन प्रकार असतात म्हणतात, सीसीडी आणि सीआयएस. फरक काय?

सीसीडी प्रकारात सेन्सर अगदी लहान असतो. एका ठिपक्याची जागा १४ मायक्रॉन धरली तर १७२८ ठिपक्यांची पट्टी अवघी २४ मिमी भरते. २१५ मिमीच्या कागदाची प्रतिमा तिच्यावर मावायला सुमारे नऊपट लहान करावी लागते. त्यासाठी भिंग हवं, आणि भिंगापासून कागद बराच लांब हवा. एवढा लांब सरळ रस्ता टेबलावरच्या डब्यात मावत नाही, म्हणून दोन-तीन आरसे लावून प्रकाशाची घडी घालतात. जुन्या मशीनचं पोट फुगलेलं दिसायचं त्याचं हे एक कारण.

या रचनेत छोटी चूक मोठी होते. सेन्सर ०.१ मिमी बाजूला सरकला तर कागदावरचा दृष्टिपट्टा जवळजवळ ०.९ मिमी सरकतो. म्हणून भिंग आणि सेन्सर कारखान्यात जुळवून स्क्रू रंगाच्या थेंबाने पक्के करतात. तो रंगाचा थेंब दिसला की पेचकस खाली ठेवावा. घरी ते परत जुळत नाही.

सीआयएसमध्ये सेन्सर कागदाएवढाच रुंद असतो आणि कागदाला जवळजवळ चिकटून बसतो. मधे काचेच्या बारीक दांड्यांची रांग असते. प्रत्येक दांडी आपल्या समोरच्या जागेची सुलट, मूळ आकाराची प्रतिमा सेन्सरवर टाकते. बाजूला एलईडींचा उजेड. आरसे नाहीत, लांब रस्ता नाही, जुळवाजुळव नाही; फूटपट्टीएवढी एक दांडी बसवली की झालं. नंतरची स्वस्त, चपटी मशीन यामुळेच शक्य झाली.

पण सीआयएसची नजर फार जवळची आहे. काचेपासून कागद मिलिमीटरच्या काही अंशाने वर उचलला तरी अक्षर धुरकट होतं. म्हणून वरून पांढरा रोलर स्प्रिंगच्या जोराने कागद काचेवर दाबून धरतो. घडी पडलेला, चुरगळलेला कागद सीसीडीवाल्या मशीनमधून बरा जातो आणि सीआयएसमधून घडीच्या जागी फिका जातो, तो याच कारणाने. तो रोलर पांढरा असण्यालाही कारण आहे: कागद नसताना मशीन त्याच्याकडे बघून 'पांढरं म्हणजे एवढं' हे माप घेतं आणि प्रत्येक ठिपक्याच्या उजेडातला कमी-जास्तपणा भरून काढतं. रोलर मळला की मापच बिघडतं.

हिरव्या शाईची सही पलीकडे उमटत नाही. का?

बऱ्याच मशीनमध्ये एलईडीचा उजेड पिवळसर हिरवा असतो. त्या उजेडात हिरवी शाई चमकते आणि पांढऱ्या कागदात मिसळून जाते. लाल शाई तो उजेड शोषून घेते, म्हणून काळी दिसते. राजपत्रित अधिकाऱ्यांची हिरवी सही फॅक्सने पाठवायची असेल तर आधी तिची झेरॉक्स काढा आणि ती पाठवा.

कागद इतका मोजून-मापून कसा सरकतो?

स्टेपर मोटरमुळे. साध्या मोटरला वीज दिली की ती फिरत राहते. स्टेपर मोटर दर विद्युत्-ठोक्याला ठरलेला कोन फिरते आणि तिथेच अडून राहते. एक हिशेब करून बघा. फीड रोलरचा व्यास १२ मिमी असेल तर त्याचा घेर ३७.७ मिमी. फाइन मोडच्या ७.७ ओळींच्या हिशेबाने एका फेरीत २९० ओळी बसायला हव्यात. मोटर एका फेरीत ४८ पावलं टाकणारी असेल तर गिअरने तिचा वेग सुमारे सहापट कमी करायचा: एक पाऊल, एक ओळ. साध्या मोडला दोन पावलांची एक ओळ.

गिअर प्लॅस्टिकचे असण्यात काही गैर नाही, आवाज कमी होतो आणि तेल लागत नाही. गिअरच्या दात्यांमध्ये थोडी ढिलाई असतेच, पण कागद एकाच दिशेने जात असल्याने ती चित्रात दिसत नाही. दाता तुटला असेल तर मात्र पानावर ठराविक अंतराने आडवा पट्टा येतो. ते अंतर पट्टीने मोजा आणि रोलरांच्या घेरांशी ताडून बघा. कुठल्या रोलरचा किंवा त्याच्या गिअरचा दोष आहे ते बहुतेक वेळा तिथेच कळतं.

काही स्वस्त मशीनमध्ये स्कॅनर आणि छपाई दोन्हींसाठी एकच मोटर असते. एक झुलता गिअर मोटरची दिशा बदलली की या रस्त्यावरून त्या रस्त्यावर जातो. फॅक्स एका वेळी एक तर पाठवतो किंवा घेतो, म्हणून ही काटकसर खपून जाते.

पाठवताना कागद अडखळत का जातो? कधी भरभर, कधी थांबत?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि उत्तरही सगळ्यात मजेदार आहे. थोडं सविस्तर देतो.

मशीन प्रत्येक ओळीचं 'इतके पांढरे, इतके काळे' असं संक्षिप्त वर्णन पाठवतं. कोऱ्या ओळीचं वर्णन फार छोटं असतं: १७२८ पांढऱ्या ठिपक्यांना १७ बिट (शून्य किंवा एक असे अंक) पुरतात, ओळ संपल्याची खूण १२ बिटांची, एकूण २९. सेकंदाला ९६०० बिटांच्या वेगाने ते ३ मिलिसेकंदांत पलीकडे पोचतं. दाट मजकुराच्या ओळीला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. म्हणजे प्रत्येक ओळीची वेळ वेगळी, आणि कागदाने त्या वेळेशी जुळवून घ्यायचं. ती टर्र... टर्र-टर्र... टर्र अशी चाल त्याची आहे.

आता पलीकडचं बघा. कोरी ओळ ३ मिलिसेकंदांत पोचली, पण तिथल्या प्रिंटरच्या मोटरला कागद एक ओळ सरकवायला आणि हेडला गार व्हायला त्याहून जास्त वेळ लागतो. पुढची ओळ येऊन धडकली तर ठेवायची कुठे? सुरुवातीच्या मशीनमध्ये मेमरी महाग होती. म्हणून मानकात अशी सोय आहे की घेणारं मशीन फोन उचलल्याबरोबर आपल्या क्षमता सांगतं, आणि त्यात 'मला एका ओळीला किमान इतका वेळ द्या' हेही असतं: ०, ५, १०, २० किंवा ४० मिलिसेकंद. समोरच्याने २० सांगितले, तर पाठवणारं मशीन कोऱ्या ओळीनंतर नुसती शून्यं पाठवत बसतं. ९६०० च्या वेगाने २० मिलिसेकंदांत १९२ बिट जातात. कामाचे २९, उरलेले १६३ निव्वळ वेळकाढूपणाचे.

ए४ पानावर साध्या मोडमध्ये ११४३ ओळी बसतात. २० मिलिसेकंदांच्या हिशेबाने पान कोरं असलं तरी सुमारे २३ सेकंद लागणारच. ४० च्या हिशेबाने ४६. तुमचं मशीन कितीही नवं असो, नागपूरच्या कुणा जुन्या प्रिंटरची मोटर तुमच्या पुण्यातल्या कागदाचा वेग ठरवते. मला फॅक्सच्या सगळ्या रचनेत हीच गोष्ट सर्वांत आवडते. पुढे मेमरी स्वस्त झाली, मशीन अख्खं पान आधी वाचून साठवू लागली आणि ही अडखळती चाल गेली. तुमचं मशीन कागद सलग ओढत असेल तर ते मेमरीतून पाठवणारं आहे.

पलीकडे अक्षरं लांबट किंवा चपटी उमटतात. दोष कोणाकडे?

लांबट असतील तर पाठवणाऱ्याकडे, चपटी असतील तर घेणाऱ्याकडे बघा. पाठवणारा रोलर घसरला किंवा झिजला की दर ठोक्याला कागद कमी सरकतो, मग तेच अक्षर जास्त ओळींत वाचलं जातं आणि पलीकडे ताणलेलं दिसतं. छापणारा रोलर घसरला तर ओळी एकमेकींच्या अंगावर चढतात आणि अक्षर दबतं. झीज डोळ्यांना दिसेल इतकी असावी लागत नाही. १२ मिमीचा रोलर ०.१ मिमीने बारीक झाला तरी ए४ च्या लांबीत अडीच मिलिमीटरचा फरक येतो. नकाशा किंवा मापाचं ड्रॉइंग फॅक्सवरून घेऊन त्यावर पट्टी लावू नये, ते यासाठीच.

दोन पानं एकदम आत जातात. काय करावं?

पानं सुटी करणारी रचना साधी आहे: वर रबरी रोलर, खाली रबराची किंवा बुचासारख्या पदार्थाची छोटी गादी. रोलरची कागदावरची पकड सगळ्यात जास्त, गादीची त्याहून कमी, आणि कागदाची कागदावरची सगळ्यात कमी. हा क्रम टिकला की रोलर एक कागद पुढे ओढतो आणि गादी त्याच्या खालच्याला मागे धरून ठेवते. पत्त्यांच्या गठ्ठ्यातून अंगठ्याने एकच पान सरकवावं तसं. कागदाची धूळ बसून रोलर गुळगुळीत झाला की पान आतच जात नाही. गादी झिजून गुळगुळीत झाली की दोन पानं जातात. आधी ओल्या फडक्याने दोन्ही पुसून बघा, फरक नाही पडला तर गादी बदला. ती मशीनमधली सर्वांत स्वस्त वस्तू असते. पावसाळ्यात दमट कागद एकमेकांना चिकटतात, तेव्हा पानं भरण्याआधी फडफडवून घ्या.

यातला धोका लोकांच्या लक्षात येत नाही. दोन पानं एकदम गेली तर मशीनला काहीच कळत नाही. रिपोर्टवर 'ओके' छापून येतं, आणि करारपत्राचं तिसरं पान पलीकडे पोचलेलंच नसतं. पहिल्या पानावर 'एकूण पानं इतकी' असं लिहायची जुनी कारकुनी सवय त्यासाठीच होती.

पानभर उभी काळी रेघ येते. आणि पांढरी रेघ आली तर?

काळी रेघ म्हणजे बहुतेक वेळा स्कॅनरच्या काचेवर एक डाग. सेन्सर जागेवर, कागद हलता, त्यामुळे टाचणीच्या डोक्याएवढ्या डागाची पानाएवढी लांब रेघ होते. डाग बहुतेक न वाळलेल्या व्हाइटनरचा किंवा डिंकाचा निघतो. मशीनचं झाकण उघडून काच मऊ कापडाने, थोड्या स्पिरिटने पुसा. नखाने किंवा ब्लेडने खरवडू नका. काचेला चरा गेला की ती रेघ कायमची.

पांढरी उभी रेघ छापलेल्या पानावर आली तर थर्मल हेडकडे संशय जातो: एखादा ठिपका मेला आहे किंवा त्यावर कचरा बसला आहे.

दोष स्कॅनरचा की छपाईचा हे ठरवायची सोपी परीक्षा आहे. मशीनचा स्वतःचा रिपोर्ट छापा. त्यात स्कॅनर वापरला जात नाही. रिपोर्ट स्वच्छ आला आणि कॉपीत रेघ आली, तर स्कॅनर. दोन्हींत आली, तर छपाई. मेकॅनिकला फोन करायच्या आधी एवढं करून बघाच, निदान फोनवर नीट सांगता तरी येतं.

थर्मल हेडमध्ये शाई नसते, मग छापतं काय?

छापतो कागद. हेड म्हणजे चिनीमातीसारख्या पट्टीवर १७२८ सूक्ष्म तापकांची एक ओळ, मिलिमीटरला ८. कागदावरच्या लेपात रंगहीन रंगद्रव्य आणि एक आम्लधर्मी पदार्थ शेजारी शेजारी असतात. उष्णतेने लेप वितळला की ते एकत्र येतात आणि काळा ठिपका उमटतो. तापक मिलिसेकंदाच्या आसपास तापतो आणि लगेच गार व्हावा लागतो, नाहीतर कागद पुढे सरकल्यावर शेपूट उमटतं. हेड खूप वेळ चालून गरम झालं की त्यावरचा तापमान-सेन्सर ते ओळखतो आणि मशीन वीज देण्याचा काळ कमी करतं.

हेडसमोरच्या रबरी रोलरला प्लेटन म्हणतात, आणि छपाईचा दर्जा निम्मा त्याच्या दाबावर अवलंबून असतो. तापकांची ओळ प्लेटनच्या बरोबर माथ्यावर टेकायला हवी. दाब एका बाजूला कमी असला की पानाची ती बाजू फिकी येते. मशीन वर्षभर बंद ठेवलं की रबर एका जागी दबून चपटं होतं, मग काही दिवस तरी ठराविक अंतराने फिका पट्टा दिसतो.

ही सगळी यंत्रणा जुनी झाली असं वाटत असेल तर एसटीच्या कंडक्टरकडचं तिकिटाचं मशीन आठवा. किराणा दुकानातलं बिलही तसंच छापलं जातं, आणि त्या हेडमध्येही बहुधा मिलिमीटरला आठच ठिपके असतात.

जाड काळ्या पट्ट्या आणि शिरोरेषा फिक्या का येतात?

वीज वाटून द्यावी लागते म्हणून. समजा एका तापकाचा रोध ३००० ओहम आहे आणि व्होल्टेज २४. एकाला ८ मिलिअँपिअर लागतात. सगळे १७२८ एकदम पेटवले तर जवळजवळ १४ अँपिअर! एवढा पुरवठा टेबलावरच्या मशीनमध्ये परवडत नाही. म्हणून हेडचे चार-पाच भाग करून एकामागून एक पेटवतात. पुरवठा जुना, थकलेला असेल तर आडवी रेघ आली की व्होल्टेज खाली जातं आणि तेवढी ओळ फिकी उतरते. देवनागरीत प्रत्येक ओळीच्या डोक्यावर आडवी रेघ, त्यामुळे आपल्याकडे हा दोष लवकर दिसतो.

काळा भाग फार मोठा असेल तर वितळलेला लेप हेडला चिकटतो आणि कागद सुटताना कर्र असा आवाज येतो. लेटरहेडवर काळ्या पार्श्वभूमीचा लोगो छापून घेणाऱ्यांनी समोरच्याच्या हेडचा थोडा विचार करावा.

आलेला फॅक्स काही वर्षांत कोरा होतो. उपाय?

फॅक्स आला की झेरॉक्स काढून फाइलला लावायची आणि मूळ फेकून द्यायचं, हाच. थर्मल कागदावरचा रंग ऊन, उष्णता, प्लॅस्टिकचं फोल्डर, तेलकट हात, काही डिंक यांनी उडतो. कागद फारच तापला तर उलट अख्खा काळवंडतो. कोर्टकचेरीचा कागद थर्मलवर ठेवू नये.

रोल बदलताना लेपाची बाजू हेडकडे यायला हवी. ओळखायला नखाने कागदावर जोरात रेघ ओढा. जिथे काळी उमटते ती लेपाची बाजू. कोरा फॅक्स येतोय म्हणून आलेल्या कित्येक तक्रारी रोल उलटा घातल्याच्या असतात.

साध्या कागदावर छापणाऱ्या फिल्मच्या मशीनचं काय?

हेड तेच, मधे कागदाएवढ्या रुंदीची मेणाच्या शाईची पातळ फिल्म. उष्णतेने शाई वितळून साध्या कागदावर जाते. यात फिल्मचा ताण सांभाळणं हेच अवघड काम आहे: देणाऱ्या रिळावर थोडा ब्रेक, घेणाऱ्या रिळावर घसरणारा क्लच. ताण कमी पडला की फिल्मला सुरकुती पडते आणि पानावर तिरक्या पांढऱ्या रेघा येतात. शिवाय फिल्म कागदाबरोबरच पुढे जाते, त्यामुळे पानावर दोनच ओळी असल्या तरी पानभर फिल्म वाया.

वापरलेली फिल्म कचऱ्यात टाकण्याआधी उजेडासमोर धरून बघा. छापलेलं प्रत्येक अक्षर तिच्यात कोरल्यासारखं वाचता येतं. बँकेचे, दवाखान्याचे कागद येत असतील तर ती फिल्म कापून टाका.

लेझर फॅक्स जास्त चांगला का? आणि महाग का?

छपाई टिकते, कागद साधा लागतो, फिल्म वाया जात नाही. पण यंत्राच्या अंगाने एक अडचण आहे. थर्मल प्रिंटर पुढची ओळ येईपर्यंत मधेच थांबू शकतो. लेझरमध्ये बहुभुज आरसा गरगर फिरत असतो, ड्रम फिरत असतो, कागद गरम रोलरांकडे निघालेला असतो. पान एकदा निघालं की थांबवता येत नाही. म्हणून छपाईआधी अख्खं पान मेमरीत असावं लागतं. संक्षिप्त न केलेलं, साध्या मोडमधलं पान सुमारे १९.७५ लाख बिटांचं, म्हणजे अंदाजे २५० किलोबाइट, फाइनमध्ये त्याच्या दुप्पट. आज हा आकडा हास्यास्पद वाटेल, तेव्हा तो किमतीत दिसायचा.

हेड आणि रोलर कधी, कसे पुसावेत?

रोल बदलाल तेव्हा. मशीन बंद करून हेड गार होऊ द्या. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाने तापकांच्या ओळीवरून एकाच दिशेने पुसा आणि पूर्ण वाळल्यावरच चालू करा. हेडला बोट लावू नका. रबरी रोलरांना पेट्रोल, थिनर अजिबात नको, रबर फुगतं. पाण्याचं ओलं फडकं पुरतं.

मशीन भंगारात द्यायचं ठरलंय. काही काढून ठेवण्यासारखं आहे का?

विद्यार्थ्यांसाठी बरंच आहे. स्टेपर मोटरी त्यांच्या गिअरसकट काढा, कारण तो वेग कमी करणारा जोड वेगळा विकत घ्यायला गेलं तर मोटरपेक्षा महाग पडतो. कागद ओळखणारे प्रकाशाचे सेन्सर, लांब गोल स्टीलचे दांडे आणि २४ व्होल्टचा पुरवठा हेही उपयोगी. पुरवठ्यातल्या मोठ्या कपॅसिटरला मात्र मशीन बंद केल्यावर लगेच हात लावू नका. सीआयएसची दांडी आणि थर्मल हेड माहितीपत्रकाशिवाय चालवणं जिकिरीचं आहे. सीसीडीचं जुनं मशीन असेल तर आरसे आणि भिंग जपून काढा. ते आरसे पुढच्या पृष्ठभागावर मुलामा दिलेले असतात, म्हणून फडक्याने पुसायचे नाहीत, नुसती फुंकर मारायची.